बाकाचं टोक

राखीव गोलकीपरला काय काम असतं, नुसतं बसायचं, असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस ते पॅड बांधून बसून दाखवावं. मग तोंड उघडावं.

हॉकीत बाकीच्या राखीव पोरींचं बरं असतं. दर दोन-चार मिनिटांनी एक धापा टाकत बाहेर येते, दुसरी आत पळते. बाकावर नीट टेकत नाही तोवर तिला परत हाक येते. गोलकीपरचं तसं नाही. पहिली उभी राहिली की हूटर वाजेपर्यंत उभी, आणि दुसरी बसली की बसली. पायांना पॅड, छातीवर कवच, मांडीवर हेल्मेट. नटूनथटून तयार बसावं आणि न्यायला कुणी येऊच नये, तसली गत.

ताई देशाच्या संघात अशी आठ-नऊ वर्षं बसली होती.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. नाव पासपोर्टावर होतं आणि ऑफिसच्या हजेरीत होतं. संघात तिच्या वयाच्या जेवढ्या होत्या त्या एकेक करून गेल्या. कुणाचा गुडघा गेला, कुणी संसाराला लागली, कुणाला नव्या पोरींनी मागे टाकलं. उरली ही एकटी, आणि नव्यांची ताई झाली. बाकाच्या टोकाला, पाण्याच्या पेटीशेजारी तिची जागा. कुठल्याही देशातलं मैदान असो, बाक लाकडाचा असो की प्लॅस्टिकचा, टोक तिचं. दुसरं कुणी चुकून तिथे बसलंच, तर ताई आली की आपोआप उठायचं.

पोरी मान देत, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण मान म्हणजे काय, तर ती खोलीत शिरली की गाणं बारीक करायच्या आणि पलंगावरचे पाय खाली घ्यायच्या. "बसा ना ताई." ताई बसायची. दोन मिनिटं सगळ्याच गप्प. मग ताईच म्हणायची, "चला, मला जरा काम आहे," आणि बाहेर पडायची. काम कसलं डोंबलाचं! हॉटेलच्या कॉरिडॉरच्या टोकाला एखादी खिडकी असायची, तिथे उभी राहून खालच्या गाड्या बघायची. मागे दाराआड गाणं परत मोठं झालेलं ऐकू यायचं. या मानापेक्षा कुणी 'ए म्हातारे' म्हणून पाठीत धपाटा घातला असता तर बरं, असं तिला कितीदा वाटलं असेल.

पहिली काही वर्षं ती एका थोरलीच्या मागे बसली. थोरली निवृत्त झाली, तेव्हा वाटलं, आता आपली पाळी. वाटणारच! पण त्याच वर्षी कॅम्पात धाकटी आली. आली तेव्हा चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. सरांनी तिला ताईच्या हवाली केलं, "हिचे डोळे उघडे ठेव." सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक, बोलणं मोजकं, आणि ते मोजकंही निम्मं मानेनेच. ताईने डोळे उघडे ठेवायला शिकवले, चेंडूवर पाय कसा टाकायचा ते शिकवलं, पडल्यावर पापणी लवायच्या आत उठायचं कसं ते शिकवलं. दोन वर्षांनी सरांनी नावं वाचली, तर पहिलं नाव धाकटीचं.

ताईला राग आला नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. आला. चांगला आठवडाभर आला. पण धाकटी चांगली होती, ताईपेक्षाही चांगली होती, आणि हे ताईइतकं कुणाला ठाऊक असणार? शिकवलेलं तिनेच. मग त्या रागाला बसायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून ताईचं काम ठरून गेलं. मॅचच्या आधी धाकटीवर चेंडू मारायचे, आधी डाव्या पायाकडे, कारण धाकटीचा डावा पाय उशिरा जागा होतो. तिचे घामाने भिजलेले ग्लोव्हज हॉटेलमधल्या केस वाळवायच्या यंत्रापुढे धरून वाळवायचे. समोरच्या संघातली कोण कुठल्या कोपऱ्यात मारते ते व्हिडिओ बघून ठेवायचं आणि झोपण्याआधी धाकटीकडून घोकून घ्यायचं. आणि सगळ्यात शेवटी पट्टा. हातात ते उशांएवढे ग्लोव्हज चढले की हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा स्वतःचा स्वतःला लावता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी लावावा लागतो. तो ताई लावायची. हेल्मेट डोक्यावर ठेवायचं, पट्टा आवळायचा, पाठीत दोन थापा, "जा." धाकटी पळत सुटायची. मागे वळूनसुद्धा बघायची नाही. बघायचं नाही, हेही ताईनेच शिकवलेलं.

आता अण्णांचं सांगायला हवं.

अण्णा म्हणजे ताईचे वडील. जन्मभर बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त केले. पोरगी गोलात उभी राहते म्हटल्यावर बाकीचे म्हणाले, "हे कसलं, गोल मारणारी तरी व्हायचं!" तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "गाडी पळवणारे शंभर भेटतात. थांबवणारा एकच लागतो, आणि तो नसला की शंभराचं काय होतं ते मला विचारा." आई होती तोवर ती हसायची, "झालं यांचं ब्रेकपुराण सुरू." आई गेली, अण्णा निवृत्त झाले, थोरल्या मुलाकडे राहायला लागले. मुलगा, म्हणजे ताईचा दादा, जरा तोंडाळ. एकदा मॅच बघताना म्हणाला, "ती बघा आमची स्टेपनी, बसलीय टोकाला." अण्णांनी मान वळवली, "स्टेपनीशिवाय गाडी बाहेर काढणाऱ्याला मी डेपोच्या फाटकातून परत पाठवायचो. गप बस." त्यानंतर दादाने पुन्हा तो शब्द काढला नाही. निदान अण्णांसमोर तरी.

प्रत्येक मॅचनंतर ताई घरी फोन करायची. अण्णा एकच शब्द विचारायचे.

"आज?"

"आज नाही, अण्णा."

"बरं. जेवलीस का?"

झालं. इतकी वर्षं हेच बोलणं. मॅच तर त्यांनी डोळ्यांनी बघितलेली असायची, ती खेळली नाही हे त्यांना दिसलेलं असायचं, तरी विचारायचे. न विचारणं म्हणजे आशा सोडल्यासारखं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

एकदाच ती खेळली होती. धाकटीला पंचांनी हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. ताई आत पळाली, उभी राहिली, एक साधासा चेंडू पायाने बाजूला सारला, आणि परत येऊन बसली. फोनवर अण्णा "आज?" म्हणाले तेव्हा ती ओरडलीच, "आज हो! आज हो अण्णा!" पलीकडून वहिनीनेच फोन घेतला आणि झालं ते सांगितलं. सबंध मॅचभर खिळल्यासारखा बसणारा माणूस, नेमका तेव्हाच चहाचं आधण ठेवायला उठला होता. परत आले तोवर ही बाकावर! नशीब म्हणतात ते असं कुजकं असतं. त्या दिवसापासून अण्णा मॅच सुरू झाली की खुर्चीवरून उठायचे नाहीत. चहा नाही, पाणी नाही, दारावर कुणी आलं तरी नाही. वहिनी काकुळतीला यायची, "अहो अण्णा, निदान पाय तरी मोकळे करा."

"मॅच संपली की."

असं सगळं चाललेलं असताना ऑफिसातून निरोप आला की आता पूर्णवेळ टेबलावर बसा. ज्या खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली त्यांनी बरीच वर्षं सांभाळून घेतलं होतं, त्यांचंही चूक नव्हतं. आणि गुडघेही कुरकुरत होतेच. ताईने सरांना सांगितलं, हा दौरा शेवटचा. सरांनी मान हलवली. पोरींनी केक आणला, ताईला बळेबळेच भरवला, फोटो काढले. फोटोतही ती टोकालाच उभी राहिली. सवय.

दौऱ्यात पाच सामने होते. चार झाले, दोन-दोन अशी बरोबरी. पाचव्याच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर सर तिच्यासमोर येऊन बसले, पावाला लोणी लावत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "उद्या शेवटचा क्वार्टर तुझा. काहीही होवो."

धाकटी शेजारी बसून अंडं सोलत होती. तिचा हात थांबला. ताईला वाटलं आपण काही चुकीचं ऐकलं. सर पाव खाऊन उठूनही गेले.

मॅचच्या आधी ताईने कधी घरी फोन केला नव्हता. त्या दिवशी केला. "अण्णा, उद्या. शेवटची पंधरा मिनिटं."

अण्णा म्हणाले, "कुठल्या बाजूचा गोल? टीव्हीत डावीकडे का उजवीकडे?"

"आत्ता कसं सांगू अण्णा, टॉस व्हायचाय."

"मग खुर्ची मधोमध ठेवतो," अण्णा म्हणाले.

मॅच सुरू झाली आणि सगळं उलटंच व्हायला लागलं. समोरच्या पोरी उंचपुऱ्या, चेंडू घेऊन आल्या की वावटळ आल्यासारख्या. धाकटीने दोन-तीन अशक्य चेंडू अडवले, तरी दोन सुटलेच. आपला एक. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा दोन-एक असे मागे. मालिका जाणार, आणि मालिका गेली की सरांच्या खुर्चीलाही धक्का बसणार, हे बाकावरच्या पाणी देणाऱ्यालाही कळत होतं.

पोरी सरांभोवती गोळा झाल्या. सर बोर्डावर रेघा ओढत होते. ताईकडे त्यांनी बघितलं नाही. बघायचं टाळत होते म्हणा ना. ताई टोकाला बसलेली. छाती अशी धडधडत होती की कवचावर कुणी आतून ठोकतंय असं वाटावं. पण तोंड उघडून मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. इतकी वर्षं मागितलं नाही, आता काय मागणार? घरी मधोमध ठेवलेली खुर्ची तेवढी डोळ्यांसमोर येत होती.

धाकटी आली, ग्लोव्हज आणि हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. "ताई, उठा."

"सर काही म्हणाले नाहीत."

"सर काल म्हणाले. मी तिथेच होते. उठा म्हणते ना!"

आवाज चढला तसे सरांनी वर बघितलं. एकदा मैदानावरच्या गुणफलकावरचा दोन-एक बघितला, एकदा ताईला. हातातला बोर्ड खाली ठेवला आणि म्हणाले, "जा." सरांना काय वाटेल ते म्हणा, माणूस शब्दाचा पक्का.

पट्टा धाकटीने लावला. तिने आजवर कुणाचा लावला नव्हता, तिचा नेहमी लावलेला. केस अडकवले, सैल ठेवला, परत आवळला. "दुखतंय का?" "नाही." पाठीत थापा द्यायला मात्र विसरली नाही.

गोल उजवीकडचा होता. टीव्हीत उजवीकडे, हे ताईने कॅमेऱ्याचा मनोरा बघून आधीच ताडलं होतं.

बाकावरून मॅच आडवी दिसते, रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या बघाव्यात तशी. गोलातून ती अंगावर येते. समोर आपल्या दहा जणींच्या पाठी, त्यांच्यापलीकडे सगळं मैदान. ताईने पाठी बघितल्या आणि घशातून आवाज निघाला, असा की तिचा तिलाच नवा, "डावी! डावी मोकळी आहे! सोड तिला, मी आहे!" पुढची पोरगी मागे न वळता बरोबर डावीकडे सरकली. ताईला आतून एकदम भरून आलं. ऐकतायत माझं!

दोन मिनिटांत समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे गोलावर थेट फटक्याची संधी. कोण मारणार हे ताईला ठाऊक, कुठे मारणार हेही ठाऊक. धाकटीकडून घोकून घेतलेलं तिनेच. उजवा खालचा कोपरा. चेंडू सुटला आणि पॅडवर 'ठाप' असा आवाज आला. बाजूला गेलेला चेंडू परत आत आला, कुणीतरी उलट्या हाताने मारला, वर, डोक्याच्याही वर. ताई झेपावली. म्हणजे शरीरच झेपावलं, तिला कुणी विचारलं नाही. ग्लोव्हजला लागून चेंडू जाळीवरून पलीकडे गेला. ती आडवी पडलेली, तोंडाला मैदानावर शिंपडलेलं पाणी आणि रबराचा वास, आणि हेल्मेटच्या आत ती मोठ्याने बोलली, "अण्णा, बघताय ना?"

आणखी एक अडवला. मग चेंडू पुढे गेला आणि पुढेच राहिला. पोरी जीव तोडून खेळत होत्या, पण गोल काही होईना. घड्याळ उतरत चाललं. आणि तीनेक मिनिटं उरली असताना ताईला दिसलं की सर उभे राहिलेत आणि हात वर करून तिलाच बोलावतायत.

याचा अर्थ तिला सांगायला नको होता. हरत आलेला संघ शेवटी गोलकीपरलाच बाहेर काढतो आणि तिच्या जागी एक गोल मारणारी जास्तीची आत घेतो. आपला गोल मोकळा. बुडत्याला काडीचा आधार. धाकटी असती तरी सरांनी हेच केलं असतं, यात ताईवर अन्याय काहीच नव्हता.

न दिसल्यासारखं करता आलं असतं. थोडा वेळ तरी. पण गोलात उभ्या राहणारीला सगळं दिसतं, हे सगळ्या जगाला माहीत. ताई पळाली. ते अवजड पॅड आपटत, मैदानाच्या कडेने, कॅमेरा तिकडे चेंडूवर असताना ही इकडून पळत आली, आणि तिच्या जागी एक हडकुळी पोरगी बाण सुटावा तशी आत गेली.

ताई बसली. टोकाला, पाण्याच्या पेटीशेजारी, आपल्या जागेवर. धाकटी शेजारी, पॅड बांधूनच, ग्लोव्हजही परत चढवलेले, हेल्मेट मांडीवर. हूटर वाजेपर्यंत काही सोडायचं नाही, ही ताईचीच शिकवण. बाकाने जणू ताईला ओळखलं. ग्लोव्हज निघाले, हेल्मेट निघालं, पेटीशेजारी गेलं. धापा टाकत बाहेर आलेल्या एका पोरीला तिने बाटली दिली, दुसरी भरून ठेवली, ओला टॉवेल पिळला. हात आपले चालले होते. डोळे तिकडे, लांबच्या गोलाकडे.

आणि गोल झाला! त्या हडकुळीनेच मारला, पडता पडता. दोन-दोन! सगळा बाक हवेत उडाला, पोरी एकमेकींच्या गळ्यात, सर दोन्ही हात वर करून ओरडतायत, मिनिटभर उरलंय, गोल मोकळा आहे, "कीपर! कीपर, आत! लवकर!"

ताई वळली. धाकटीच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं, तिच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, पाठीत दोन थापा दिल्या.

"जा!"

धाकटी पळत सुटली. मागे वळूनसुद्धा न बघता.

ताईचा हात अजून तसाच हवेत होता. मग तिला पाण्याच्या पेटीशेजारी पडलेलं स्वतःचं हेल्मेट दिसलं. मग स्वतःच्या पायांवरचे पॅड दिसले. सर तिच्याकडे बघत उभे होते, तोंड उघडं. "अगं..." एवढंच म्हणाले. तेवढ्यात शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला, आणि सर मैदानाकडे वळले.

तिकडे गोलात पोचल्यावर धाकटीने पहिल्यांदाच मागे वळून बघितलं. तिलाही तेव्हाच कळलं असणार. दोन्ही हात तिने असे पसरले, की आता काय करू? आता काय करणार! मिनिटभर राहिलेलं. चेंडू त्या बाजूला एकदाही गेला नाही. मधल्या पट्ट्यातच घुटमळला. तिथे रिकामी खुर्ची ठेवली असती तरी भागलं असतं. हूटर वाजला तेव्हा ताई देशासाठी बाकाच्या टोकाला उभी होती, हातात पिळलेला टॉवेल.

पुढचं तर आणखीच कठीण झालं. सगळ्यांनी तिचं कौतुक आरंभलं. मालिका बरोबरीत सुटली होती, चषक दोघांत वाटला गेला, सगळ्यांची मनं मऊ झालेली. पोरी गळ्यात पडल्या, "ताई, तुमचं मन किती मोठं! शेवटचं मिनिट तुमचं होतं आणि तुम्ही ते तिला दिलंत!" टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाने म्हणे सगळ्या जगाला सांगितलं. सर आले, त्यांचे डोळे ओले. त्यांनी तर समोरून बघितलं होतं! पण माणसाला जे बघायचं असतं तेच तो बघतो.

"सर, मी ते..."

"काही बोलू नकोस," सर म्हणाले आणि तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

एकटी धाकटी गळ्यात पडली नाही. कपडे बदलायच्या खोलीत ती बाकड्यावर बसून होती, हेल्मेट अजून डोक्यावरच. ताईने पट्टा सोडला.

"तुम्हाला बोलावलं होतं," धाकटी म्हणाली.

"हो."

"मग मला का घातलंत?"

"सवय गं."

"मला पण." धाकटीचा चेहरा वेडावाकडा झाला. "तुम्ही पट्टा लावलात की मी पळते. थांबून बघायचं सुचलंच नाही मला. एकदा तरी बघायला हवं होतं ना मी!" आणि रडायला लागली. तिचं रडणं थांबवण्यात ताईचं स्वतःचं राहून गेलं.

हॉटेलवर आल्यावर पोरींच्या खोलीत गाणं लागलं. ताई कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी गेली आणि घरी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला. या वेळी अण्णांनी "आज?" विचारलं नाही.

"दिसलीस," अण्णा म्हणाले. "उजवीकडेच होतीस. पहिला पायाने अडवलास, दुसऱ्याला झेपावलीस. दादा टीपॉयवर चढून नाचला, पाय मोडला टीपॉयचा. वहिनीने सगळे शेजारी बोलावले होते. मी एकदाही उठलो नाही बघ."

"नीट दिसलं ना अण्णा?"

"सगळं दिसलं. आणि शेवटी तू आपणहून धाकटीला पाठवलंस. टीव्हीवाला म्हणाला, असं मन लाखात एखाद्याचं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या."

सोडून देता आलं असतं. म्हातारा माणूस, खूश झालाय, राहू दे की त्याची खुशी. पण ज्याने जन्मभर लोकांचे ब्रेक तपासले त्याच्याशी ती आजवर खोटं बोलली नव्हती, आणि आज खोटं बोलली असती तर त्या सगळ्या "आज नाही"ला काही अर्थ राहिला नसता.

"अण्णा, मन-बिन काही नाही हो. सरांनी हाक मारली ती मलाच होती. मी विसरले."

"काय विसरलीस?"

"की कीपर मी आहे."

पलीकडे शेजारी गेले असावेत, टीव्हीही बंद असावा. दूर स्वयंपाकघरात वहिनी भांडी आवरत होती तेवढं ऐकू येत होतं.

"एक सांगू?" अण्णा म्हणाले. "रागावू नकोस."

"सांगा ना."

"टीव्हीवाला म्हणाला, आता गोलकीपर परत आत येणार. सगळं घर तुझ्या नावाने ओरडलं. आणि मी..." अण्णा थांबले. "मी धाकटीकडे बघत होतो गं. ती अजून उठली कशी नाही, म्हणून जीव खालीवर झाला माझा. मनात म्हणालो, उठ की पोरी, गोल मोकळा पडलाय. तू तिथेच होतीस, शेजारी. पॅड बांधून बसलेली. दिसत होतीस मला. आणि तूच ती, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं तुझ्यासाठी या खुर्चीत बसलो मी, आणि हाक आली तेव्हा..."

ताईने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. काच गार होती. खाली गाड्या जात होत्या, येत होत्या. ती रडली, आवाज न करता. पण अण्णांना ते कळलं, आणि अण्णांचं तिला कळलं. फोन कुणीच ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "अण्णा, चहा घेतलात का?"

"नाही अजून. उठलोच नाही."

"मॅच कधीची संपली हो."

"हो, संपली खरी," अण्णा म्हणाले. "म्हणजे आता कायमचीच संपली ना? मग उठू मी?"

"उठा, अण्णा," ताई म्हणाली.

फोनमध्ये खुर्ची करकरल्याचा आवाज आला.